दाराजवळचा गड्डा

मावशी बोगद्याच्या दाराशी आल्या की आधी खाकरायच्या. मग विचारायच्या, "येऊ का रं?" आणि थांबायच्या. आत लेट्यूसचे सात वाफे सोडले तर कुणी नसायचं. तरी उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून मगच त्या दाराला पिळलेली तार सोडायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण गालात हसतो आणि पुढे जातो. मीही हसलो होतो. पण मला दर बुधवारी सकाळी सातला तिथं जावं लागायचं, त्यामुळे ते हसू फार दिवस टिकलं नाही.

आमचा भाजीचा धंदा. तळेगावात अब्बांनी तो वांगी-कोबीवर उभा केला. मी त्याला लोणावळ्याची हॉटेलं आणि तुंगार्लीचे बंगले जोडले. तिथल्या मंडळींना हिवाळ्यात सॅलड लागतं. नवलाख उंबरे गावाच्या पुढे, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथं, लोखंडी पाइपांवर प्लास्टिक ताणलेला मावशींचा बोगदा होता. हीटर नाही, पंखा नाही. दुपारी चारला बाजूचे पडदे खाली सोडायचे आणि दिवसाची ऊब आत कोंडून ठेवायची, एवढीच यंत्रसामग्री.

मावशी स्वतः त्या पानाला तोंड लावत नसत. "शेरडाचा पाला," म्हणायच्या. पण मालाला नाव ठेवलेलं खपायचं नाही. एकदा हॉटेलच्या आचाऱ्यानं देठ तांबूस दिसतो म्हणून क्रेट परत पाठवला. मावशींनी माझ्यासमोर एक गड्डा कापला. देठातून पांढराशुभ्र चीक भरून आला. "बघत बसा, भाई," म्हणाल्या आणि चहा टाकला. चहा पिऊन कप विसळेपर्यंत चीक तांबूस पडला होता. "त्याला म्हणावं, पांढरा बघायचा आसंल तर हितंच ऱ्हायला ये."

दर बुधवारी एक वाफा कापायचा आणि त्याच दिवशी त्यात नवं बी टाकायचं. सात वाफे, सात आठवडे. पहिल्याची पाळी परत यायची तेव्हा तो तयार असायचा. ताप असो, लग्न असो, गावात मयत असो, मावशींचं एकच उत्तर: "खंड नको."

आणि प्रत्येक वाफ्यातला दाराजवळचा एक गड्डा त्या कापत नसत. तो तसाच वाढायचा, कमरेएवढा व्हायचा, पिवळी फुलं धरायचा. नवा तयार झाला की मगच जुना उपटायच्या. आत शिरलं की हे सात उंच, वाकडे गड्डे आधी दिसायचे. धुक्यात ते रांगेत उभ्या असलेल्या माणसांसारखे वाटायचे. मला ते आवडत नसत, खरं सांगतो.

"हे कुणासाठी ठेवता?" मी एकदा विचारलं.

"त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपल्यावर त्यानं हा बोगदा उभारला. पहिल्या वाफ्यातली थोडी पानं नमुन्याला घेऊन मोटारसायकलवर लोणावळ्याला निघाला. जाताना म्हणाला, "आये, तू हात लावू नगंस. आल्यावर मी कापतो." मोटारसायकल लोणावळा स्टेशनबाहेर सापडली. पानांची पिशवी हँडलला तशीच होती. तो सापडला नाही.

"कंच्या दिशी यील सांगता येत न्हाई ना," मावशी म्हणाल्या. "आला अन् कापायला काय नसंल तर?"

थंडीत बोगद्याच्या प्लास्टिकला आतून वाफ धरते, सगळं पांढरं होतं. दाराशेजारी मात्र एक तळव्याएवढी जागा पुसलेली असायची. एसटीच्या काचेवरची वाफ पुसून आपण बाहेर बघतो ना, तशी. उंच माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी जागा. मावशी माझ्या खांद्यालाही लागत नव्हत्या. मी म्हणालो, पाण्याचे थेंब घसरले असतील. मावशी म्हणाल्या, "व्हय, तसंच आसंल." पुढच्या बुधवारी ती जागा पुन्हा तिथंच होती, रस्त्याच्या बाजूला. त्या दिवसापासून मीही दाराशी खाकरू लागलो.

गेल्या थंडीत एका बुधवारी मावशींनी वाफा कापला, बी टाकलं आणि गुरुवारी सकाळी त्या उठल्याच नाहीत. त्यांची जाऊ म्हणाली, "पानी सोडीन, पडदं करीन. ते भाइरनं व्हतंय. आत म्या पाऊल टाकायची न्हाई."

मग मीच जात राहिलो. गेलेल्या बाईचं पेरलेलं दर बुधवारी वेळेवर तयार मिळत होतं, आणि लोणावळ्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं. आचारी म्हणाला, यंदा माल फार छान आहे. मी कापायचो, दाराजवळचा एक गड्डा सोडायचो, बाहेरून तार पिळायचो. नवं बी टाकायचं धाडस झालं नाही. बोगदा मागून रिकामा होत आला.

सातव्या बुधवारी शेवटचा वाफा उरला होता. मी खाकरलो, थांबलो. तार मी पिळली होती तशीच होती. आत सहा उंच गड्डे जागेवर होते. सातवा, दाराजवळचा, कापलेला होता. बुंध्यापासून, एका घावात, सराईत हातानं. माझी सुरी अजून पिशवीत होती. मी वाकून देठाला बोट लावलं. चीक पांढरा होता.

भीती वाटली. पण तिच्याही आधी राग आला, इतका की डोळे भरले. सात आठवडे आधी आला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?

मग मी खुंटीवरचा बियांचा डबा काढला. खंड नको, एवढंच डोक्यात होतं. रिकाम्या वाफ्याशी बसलो, बोटानं मातीत रेघ ओढली आणि बी चिमटीत घेऊन सवयीनं दाराकडे पाहिलं.

प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं होतं. कुठेही पुसलेलं नव्हतं.

मी बी परत डब्यात टाकलं, डबा खुंटीला लावला आणि बाहेर आलो. तार पिळली नाही.