भुलीत विचारलेला प्रश्न

ताईने माझ्यासाठी आयुष्यात खूप केलं, हे आधीच लिहून टाकते. म्हणजे पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणणार नाही. म्हणालं तरी हरकत नाही.

मी अर्जुनी मोरगावला शाळेत शिकवते, एकटी राहते. सहा वर्षं नैराश्याने मला धरून ठेवलं होतं. चार प्रकारच्या गोळ्या झाल्या. तोंडाला कोरड पडायची, वजन वाढायचं, मन मात्र जागचं हलत नव्हतं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी केटामाइन सुचवलं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात तेच औषध, पण अगदी थोडं, सलाइनमधून, चाळीस मिनिटं. तीन आठवड्यांत सहा वेळा. सोबत घरचं माणूस हवंच, नाही तर सुई लावणार नाहीत. गोंदियाला राहणारी माझी मोठी बहीण लगेच तयार झाली.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. नेहमीच्या गोळ्यांना काम करायला आठवडे लागतात. हे औषध ग्लुटामेट नावाच्या मेंदूतल्या दुसऱ्याच रसायनाच्या वाटेने जातं. मेंदूतल्या पेशींमधले सुकलेले जोड त्याने पुन्हा जुळू लागतात असं मानतात, आणि फरक कधी कधी एका दिवसात दिसतो. तो टिकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मला आपला तलावाखालचा गाळाने भरलेला पाट आठवला. सुई चालू असताना आपण अंगातून सुटलो असं वाटेल, बडबड होईल, ती मनावर घेऊ नका आणि तेव्हा पेशंटशी बोलू नका, असंही त्यांनी ताईकडे पाहून सांगितलं. ताईने मान डोलावली.

दुसऱ्या सुईनंतरच्या सकाळी मला भाताचा वास आला. शिजणाऱ्या भाताचा, साधाच. मी गॅसपाशी उभी राहून रडले. तिसऱ्या सुईनंतर वर्गात मी मुलांवर खोटं खोटं रागावले तर मुलं हसली, आणि मीही. अजून तीन सुया राहिल्या होत्या. त्या चुकल्या तर मी पुन्हा होते तिथेच जाणार, ही भीती रोज असायची.

चौथ्या सुईच्या सकाळी मी गोंदिया स्टेशनवर ताईची वाट बघत होते. तिचा फोन आला.

"मी नाई येत."

"काऊन?"

"तूच तं सांगतली, मीच तरास देऊन राहिली म्हणून."

मला काही कळेना. मग तिनेच सांगितलं, आणि जराही न अडखळता. तिसऱ्या वेळी नर्स बाहेर गेली, मी बडबडू लागले, तेव्हा ताईने माझा हात धरून विचारलं होतं, "बोल, कोण तरास देऊन राहिला इले?" आमच्या गावात अंगात आलेल्या बाईला असंच विचारतात आणि जे नाव निघेल ते खरं धरतात. 'इले', म्हणजे मला. प्रश्न मला नव्हताच, माझ्या आत जे कोणी बसलंय असं तिला वाटत होतं, त्याला होता. आणि मी म्हणे तिचं नाव घेतलं. घेतलं असेल. समोर तीच होती, हात तिचाच होता.

एवढ्यावर थांबली असती तर मी हसून सोडलं असतं. पण दोघा भावांना सांगून झालं होतं, भावजयांना कळलं होतं, मला सगळ्यात शेवटी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला स्वतःलाही न आठवणारं बोलणं तिने माझ्याकडून काढून घेतलं आणि घरोघर वाटलं. तुला काय होतं, असं शुद्धीवर असताना तिने सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

गाडी गेली. मी ऑटो करून तिच्या घरी गेले. तिने चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"आता तं शुद्धीवर आहेस. सांग. मी देऊन राहिली का तरास?"

नाही म्हटलं असतं तर ती उठून साडी बदलून आली असती. दुपारच्या गाडीने आम्ही नागपूर गाठलं असतं, चौथी सुई मिळाली असती. एका शब्दाचं काम होतं.

"पहिले नव्हती देत," मी म्हणाले. "आता देऊन राहिली."