दोन बांबूंमधलं पाणी

माझे दीर विश्वंभर महीच्या मुखाकडे नदीचं पाणी मोजायचे. नोकरीच तशी होती. काठाशी आकडे रंगवलेली पट्टी उभी. तिच्यावर पाणी कुठवर आलं ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं. शिवाय पंचवीस मीटर अंतरावर दोन बांबू. वरच्याशी लाकडाचा ठोकळा सोडायचा नि खालच्यापर्यंत जायला त्याला किती सेकंद लागतात ते बघायचं. वहीत त्यांनी कधी खोटा आकडा लिहिला नाही.

घरी मात्र सर्रास खोटं सांगत. गाडी नऊची असली की आठची म्हणत, कारण सासूबाईंचं आवरता आवरत नसे. सासूबाईंनी ते केव्हाच ओळखलं होतं. विशू सांगेल त्यात एक तास मिळवायचा, हा त्यांचा नेम. भाऊजींना तेवढं ठाऊक नव्हतं. आम्ही सुभानपुऱ्यातल्या घरात तोंडाला पदर लावून हसायचो.

एका वैशाखात सोमवती अमावास्या आली आणि सासूबाईंनी महीच्या स्नानाचं मनावर घेतलं. आमचे हे कोयलीच्या कारखान्यात पाळीवर, म्हणून मी आणि शेजारच्या मंदाताई सोबत निघालो. बस इतकी रखडली की पोचेपर्यंत दीड वाजला. नदीच्या मध्यावर रेतीचा उंचवटा उघडा पडला होता. तिकडचे लोक त्याला भाठो म्हणतात. तिथवर घोटाभर पाण्यातून चालत जायचं.

"आई, तीनच्या आत काठावर ये," भाऊजींनी बजावलं. "अमावास्येची भरती आहे."

"येते रे बाबा," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "म्हणजे चार."

मीही हसले.

मी नेमकी आदल्या दिवशी बाहेरची झाले होते, म्हणून त्या दोघी भाठ्यावर गेल्या आणि मी काठावरच राहिले. भाऊजींनी घड्याळ माझ्या हातात दिलं. "वहिनी, सेकंद तुम्ही मोजा."

पहिल्या खेपेला एक्केचाळीस. दहा मिनिटांनी सत्तेचाळीस. सकाळपासून समुद्राकडून वारा सुटला होता. तिसऱ्या खेपेला त्रेसष्ट झाले, तेव्हा भाऊजींनी लिहायच्या आधी घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं.

"तक्त्यात भरती चारची आहे," ते म्हणाले. "हिला आत्ताच काय झालं? तरी बरं, आईला मी तीनच सांगितलेत."

मी म्हटलं, "भाऊजी, सासूबाई चारला येणार आहेत."

"म्हणजे?"

"तुमच्या वेळेत त्या नेहमी एक तास मिळवतात."

भाऊजी भाठ्याकडे वळले. तेवढ्यात चौथ्या खेपेला सोडलेला ठोकळा दोन बांबूंच्या मधे थांबला. जागच्या जागी डुलला आणि हळूच उलटा, वरच्या बांबूकडे सरकायला लागला.

"आई! भरती! भरती आवे छे, पाछा वळो!" भाऊजी सवयीने तिथल्या गुजरातीत ओरडत पाण्यात शिरले. भाठ्यावर आता सासूबाई आणि मंदाताई दोघीच उरल्या होत्या, टाळ्यांवर त्यांची आरती चालली होती. सासूबाईंनी वळून पाहिलं आणि तळहात दाखवला. थांब जरा.

जाताना पाणी भाऊजींच्या गुडघ्याला होतं. परतताना कमरेला, मग छातीला. सासूबाई त्यांच्या पाठीवर. मंदाताईंनी मागून त्यांचा सदरा मुठीत धरलेला. मधेच भाऊजींचा पाय गेला आणि तिघंही दिसेनाशी झाली. मी विटाळ विसरून पाण्यात उतरले. दत्तगुरूंचं नाव तोंडात होतं. मंदाताईंचा हात हाताला लागला तसा मी ओढला; त्यांच्या दुसऱ्या मुठीत भाऊजींचा सदरा होताच.

काठावर आल्यावर सासूबाई बराच वेळ खोकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "वाजले किती?"

"तीनला वीस कमी."

त्यांनी मागे वळून पाहिलं. भाठो कुठे होता ते आता सांगता आलं नसतं.

"खरी वेळ कोणती होती, विशू?"

"तक्त्यात चार होती."

"मग मला खरं का नाही सांगितलंस?"

भाऊजी ओल्या सदऱ्याने तोंड पुसत होते. "चार सांगितलं असतं तर तू पाचला आली असतीस."

"आले असते," सासूबाई म्हणाल्या, आणि ओला पदर पिळायला लागल्या.