काका गेले की हे काढून टाकणे

हसणार नसाल तरच सांगतो. बरं, हसा, नाहीतरी तुम्ही ऐकणार थोडेच आहात! पण आधी तो चहा खाली ठेवा, अंगावर सांडेल. माझ्या हातून जो घोटाळा झालाय ना, तसा या अख्ख्या संभाजीनगरात कुणाच्या हातून झाला नसेल.

आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रोग्राम लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या प्रोग्राममध्ये मधूनमधून आम्ही साध्या भाषेत टिपणं लिहून ठेवतो, त्याला कॉमेंट म्हणतात. कॉम्प्युटर ती वाचतच नाही. ती असते उद्या आपल्या खुर्चीवर येऊन बसणाऱ्या माणसासाठी. म्हणजे बघा, भाडेकरू घर सोडताना नव्या भाडेकरूला सांगतो ना, मोरीतला नळ जोरात पिळू नका, तसंच.

माझ्याआधी त्या खुर्चीवर नितीन होता. तो पुण्याला गेला आणि चितेगावच्या कारखान्याचा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला. कारखान्यातून माल बाहेर निघाला की त्याची नोंद करणारा साधा प्रोग्राम. नितीनच्या कॉमेंट मात्र वाचण्यासारख्या. एका ठिकाणी लिहिलेलं, 'हा मालकांचा हट्ट आहे, इथं आपली अक्कल वापरू नये.' मी वापरली नाही.

मी तेव्हा कायम झालो नव्हतो. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "चितेगावच्या काकांनी तू सुधारलेला प्रोग्राम पसंत केला, तर तू कायम. नाहीतर बघू." आमच्या सरांचं 'बघू' म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. आणि काका म्हणजे माल पाठवायच्या खात्यातले सगळ्यात जुने गृहस्थ. मालकसुद्धा त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

म्हणून प्रोग्राम कसा वाटतोय हे विचारायला मी कारखान्यात फोन लावला. उचलला गेटवरच्या माणसानं.

"काका आहेत का?"

"काका गेले ना."

"काय सांगता? कधी?"

"सकाळीच."

"असे अचानक?"

"अचानक कुठलं? लई दिवस चाललं होतं त्यांचं, जातो जातो म्हणून. शेवटी मालकच म्हणले, आता नका थांबवू त्यांना."

"फार त्रास झाला का हो?"

"गुडघ्यानं लई छळलं. पण जाताना खुश होते. घरची सगळी होती संगं. गाडी करूनच नेलं फर्दापूरला."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ तुम्ही काय काढला असता? गडी पुढं काहीतरी सांगत होता, पण मला ऐकवेना. मी फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, काकांचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त स्वतःचं वाटलं. आता प्रोग्राम पसंत कोण करणार? त्याच दुःखात प्रोग्राम उघडला आणि नितीनची ओळ समोर आली: 'काकांसाठी अक्षर मोठं केलं आहे. काका गेले की हे काढून टाकणे.'

डोळ्यांत पाणीच आलं. बिचाऱ्या नितीननं हेही आधीच ओळखलं होतं तर! मी जड हातानं मोठं अक्षर काढून टाकलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला वाटलं, एवढा मोठा माणूस, आपल्याकडून काहीतरी व्हायला पाहिजे. शिवाय मालकांच्या नजरेत भरेल, तेही होतंच मनात. कर्मचाऱ्यांच्या यादीतून काकांचा फोटो काढला, प्रोग्रामच्या पहिल्या पानावर लावला. हार काही सापडला नाही, म्हणून भोवती झेंडूची फुलं. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. गुलमंडीत जाऊन पांढरा शर्ट घेतला, दोन दिवसांनी सकाळी नवा प्रोग्राम कारखान्याच्या कॉम्प्युटरवर चढवला आणि तो शर्ट घालून भेटायला चितेगावला निघालो.

गेटवरचा गडी म्हणाला, "या, या. आत पेढे चाललेत."

पेढे? मला कारखान्याचा रागच आला. माणुसकी राहिली नाही म्हणतात ते खोटं नाही.

आत गेलो तर फोटोतले गृहस्थ समोर खुर्चीवर बसून पेढे वाटत होते.

मी दाराची चौकट धरली. काका म्हणाले, "तूच का रे तो? ये बाळा. चार दिवस बहिणीकडं फर्दापूरला राहणार होतो, करमलं नाय म्हणून आजच परत आलो, तर बघतो काय, माझा फोटो! फुलं बिलं लावून! इतकी वर्षं राबलो, पण कंपनीनं असा सत्कार कधी केला नाय बघ."

बाकीची मंडळी हातात पेढा धरून जमिनीकडं बघत होती. त्यांचे डोळे चांगले होते ना! त्यांच्यातले, काकांच्याच खात्यातले रफिकभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मियां, सुबेसे सब चुप बैठे हैं. तुम लिखे, अब तुमीच पढो."

"व्हय, वाच की," काका म्हणाले. "आज अक्षर लई बारीक झालंय, मला काय बी दिसंना."

लिहिलं होतं, 'काकांच्या जाण्याने कारखाना पोरका झाला.' मी वाचलं, "काकांच्या... असण्याने कारखाना... भरलेला आहे."

"वा," काका म्हणाले. "पुढं?"

'त्यांची जागा कधीही भरून निघणार नाही.' हे मात्र जसंच्या तसं वाचलं. जीवात जीव आला.

पण काकांनी खिशातून मोबाईल काढला. "थांब, लेकीला पाठवतो." खटकन फोटो काढला आणि दोन बोटांनी अक्षर मोठं केलं. मोबाईलवर असं करता येतं हे मी विसरलोच होतो! काका एकेक अक्षर लावून वाचायला लागले, "ईश्वर... मृतात्म्यास..."

मशीनसुद्धा हळू चालल्यासारखं वाटलं मला.

काकांनी मोबाईल खाली ठेवला. माझ्या पांढऱ्या शर्टाकडं बघितलं.

"कधी गेलो म्हणे मी?"

"सकाळीच," मी म्हणालो.

मग जो हशा पिकला! सगळ्यात जास्त काकाच हसले, पार ठसका लागेपर्यंत. मला मात्र हसू येईना. कारण हसता हसता त्यांनी आमच्या सरांना फोन लावला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा, मयताला आलेले पाहुणे."

काय बोलले कोण जाणे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ऑफिसात गेलो तर माझ्या कॉम्प्युटरवर माझा फोटो. भोवती झेंडू. खाली एकच ओळ, 'ते आता आपल्यात कायम राहतील.'

संपलं! मी गुपचूप डबा, बाटली, चार्जर पिशवीत भरायला लागलो. एवढ्यात सर आले.

"कुठं निघालास?"

"सर, नोकरी गेली ना माझी?"

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, 'कायम' लिहिलंय ना ढळढळीत! काकांनी शब्द टाकला तुझ्यासाठी, म्हणून कायम केलं तुला. तेही एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं. आता तुला वाचायला शिकवायचं कुणी?"