रविवारी उतरणारा सिलेंडर

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गॅसचा सिलेंडर संपला की आमच्या घरी तोंडं उतरायची. दुसरा कधी येईल याचा नेम नसायचा, आणि तोवर घासलेटच्या स्टोव्हशी झटापट. त्यामुळे त्या उन्हाळ्यात सिलेंडर वेळेआधीच संपायला लागला तेव्हा माझं डोकं फिरलं. पहिला संशय अर्थातच तो आणून देणाऱ्यावर. त्याच्याशी दारातच भांडून झालं. मग मी रोज संध्याकाळी सिलेंडरवरून ओलं फडकं फिरवायला लागले. आत गॅस असतो तिथवर ओल टिकते, वरचा रिकामा भाग लगेच सुकतो. आठवडाभर ती रेघ सावकाश खाली सरकायची. काही रविवारी मात्र एकदम उतरायची.

रविवारी सकाळी मी दोन्ही मुलींना घेऊन विहारात वंदनेला जात असे. घरी राहायचे फक्त हे, आणि ह्यांना साधा चहासुद्धा करता येत नव्हता.

“सिलेंडर कोणी सरकवला?” मी एकदा विचारलं. नळी उलट्या बाजूने लावलेली होती.

“मले काय माहीत? मलेच काहून विचारून राहिली तू?”

एवढ्याशा प्रश्नावर माणूस उखडला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. मी तेव्हापासून लक्ष ठेवायला लागले. ह्यांचे खिसे तपासले. त्यात सिगारेटचं पाकीट आणि काड्यापेटी, बाकी काही नाही. शर्टाला मात्र स्वयंपाकघरातल्या गॅसचा वास यायचा, आणि माझ्या स्वयंपाकघरात तर हे कधी फिरकत नसत. मग एकदा आमच्या गाडीच्या डिकीत सिलेंडरच्या बुडाचा गोल ओरखडा दिसला. भरला सिलेंडर गाडीत घालून नवरा कुठे जातो? माझ्या मनात एकच उत्तर बसलं होतं. ह्यांनी कुठेतरी दुसरं घर केलं आहे आणि तिथली शेगडी माझ्या गॅसवर पेटते आहे. ती बाई कशी असेल, याचाही मी पोळ्या लाटताना विचार करायची. सडपातळ असेल, असं वाटायचं.

गाडी घेतल्यापासूनच हे बदलले होते. उमरेडकडच्या एका खाणीतल्या साहेबाची ती जुनी गाडी होती आणि तिला एसी होता. मे महिन्यात नागपुरात काचा चढवून गाडी चाललेली दिसली की ती एसीची, हे पानठेल्यावर उभा असलेला माणूसही ओळखायचा. म्हणून हे काचा चढवल्याशिवाय फाटकाबाहेर पडायचे नाहीत. मध्ये एसी बंद पडला तेव्हाही काचा वरच. मागे आम्ही तिघी घामाने निथळत बसायचो. मग एक दिवस गार वारा परत सुरू झाला. दुरुस्त केला, एवढंच हे म्हणाले. गाडीत मंद वास यायचा, तो मला ह्यांच्या शर्टाचाच वाटायचा.

पुढच्या एका रविवारी मी मुलींना विहारात बहिणीपाशी बसवलं आणि वंदना अर्धी सोडून घरी परतले. गल्लीच्या तोंडाशीच आमची गाडी दिसली. डिकी लागत नव्हती म्हणून दोरीने बांधलेली, आणि फटीतून माझा लाल सिलेंडर दिसत होता. मी सायकलरिक्षा केली. सिलेंडर पडू नये म्हणून हे इतके हळू चालवत होते की रिक्षावाल्याला फारसा दम लागला नाही. त्या बाईला काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. मुलींना घेऊन पारशिवनीला माहेरी जायचं, हेही ठरलं होतं.

गाडी सदर बाजारामागच्या एका गॅरेजात शिरली. मी पोचले तेव्हा बॉनेट उघडं होतं. माझा सिलेंडर बाकड्यावर उलटा ठेवलेला होता आणि त्याची नळी गाडीच्या पोटात गेली होती. हे पुढच्या सीटवर बसून एसीच्या जाळीसमोर हात धरून वारा बघत होते. मला पाहून ह्यांचा चेहरा पडला.

मिस्त्री मात्र मोकळा माणूस. “वहिनी, एसीचा पहिलेचा गॅस इथं भेटत नाही. मुंबईहून मागवा लागते. हा बी तसाच थंडा करते.”

मी तिथल्या स्टुलावर बसले. खरं सांगते, मला हसू आलं. बाई नव्हती, घर नव्हतं, शेगडी नव्हती. एवढे दिवस छातीवर ठेवलेला दगड उतरला. त्या आनंदात मी मिस्त्रीला सहज विचारलं, “मग सारखा सारखा भरावा का लागतो?”

“जुनी लाइन आहे ना. गळते.”

“कुठे गळते?”

त्याने ह्यांच्या समोरच्या जाळीकडे बोट दाखवलं. “आतच.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हाताकडे बघत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“अवं, थोडासाच गळते. काही नाही होत.”

काचा चढवलेल्या त्या गाडीत हे रोज सिगारेट पेटवायचे. मागे माझ्या मुली बसलेल्या असायच्या. धाकटी तर वारा लागावा म्हणून पुढे वाकून दोन सीटांच्या मधे तोंड घालायची. मी उठून ह्यांच्या खिशातली काड्यापेटी काढून घेतली. सगळा गॅस काढल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं मिस्त्रीला सांगितलं. त्याने नळी सोडली.

दुपारी चारही काचा उघड्या टाकून आम्ही निघालो. गरम वारा तोंडावर येत होता. ह्यांनी विचारलं, “तू मागं काहून आली होती? तुले काय वाटलं होतं?”

“तुम्ही दुसरं घर केलं असेल, असं वाटलं होतं.”

हे मोठ्याने हसले. अगदी मनापासून, सुटका झाल्यासारखे. “येडी आहेस तू. माह्यावर एवढाही विश्वास नाही?”

दुसरी बाई निघाली असती तर मी रडले असते, भांडले असते, पोरींना घेऊन निघून गेले असते. त्या सगळ्याची तयारी माझ्यापाशी होती. पण हा माणूस रोज आमच्याच बरोबर त्या गाडीत बसला होता, काडी ओढत होता, आणि त्याला फक्त बाहेरच्या लोकांना चढवलेल्या काचा दिसायला हव्या होत्या. त्यानंतर मी ह्यांच्यावर कधी पाळत ठेवली नाही. मुलींना मात्र ह्यांच्यापाशी एकटं सोडून कुठे गेले नाही.