लेकीच्या जोडावर डाक

“उंदीर?” लेकीने तुटकी वायर जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी आपटली. “बाबा, उंदराला दात असतात. दाखवा मला दात लागल्याची एक तरी खूण.”

“लहान असेल उंदीर,” मास्तर म्हणाले.

“तीन आठवड्यांत तीन गाड्या परत आल्या. तिन्हीत बॅटरीकडून अ‍ॅम्प्लिफायरला जाणारीच वायर, आणि तुटलेली नेमकी टोकापासून बोटभर अंतरावर. हा उंदीर मोजपट्टी घेऊन फिरतो का?”

“शिस्तीचा आहे म्हणायचा,” वाढता वाढता मास्तरांची बायको म्हणाली. “नाहीतर या घरात कोण वस्तू मोजूनमापून वापरतं!”

एरवी मास्तर हसले असते. आज त्यांनी नुसता घास मोडला आणि मोडलेला तसाच ठेवला.

मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. गाड्यांत स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, टेप बसवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि गल्लीने त्यांना ‘वायरमास्तर’ करून टाकलं होतं. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. हात बसला तो एका रेडिओदुरुस्तीच्या दुकानात. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तार पिळ, तापव, आणि सोल्डर असं वाहू दे की जोड आरशासारखा चमकला पाहिजे. मास्तरांनी ते आयुष्यभर धरून ठेवलं. जोड म्हणजे सोल्डरचा डाक दिलेला जोड. बाकी सगळं म्हणजे चिकटपट्टीचा कारभार.

घरातही त्यांच्या सोल्डरगनमधून काही सुटलं नव्हतं. गाळणीची मूठ, गजराच्या घड्याळाचा काटा, छत्रीची काडी, बायकोच्या चष्म्याची बिजागरी. त्या बिजागरीवर मुगाएवढा चंदेरी थेंब होता आणि बायको तो चष्मा लग्नाकार्यातही लावून जायची. “एकदा मला ठसका लागला,” ती पाहुण्यांना सांगायची, “तर हे आधी गन शोधायला धावले. म्हटलं, पाणी द्या, गळ्याला डाक नको.”

लेक शिकून दुकानात आली ती मात्र पक्कड घेऊन. वायरच्या सोललेल्या टोकावर तांब्याचं नळकांडं, म्हणजे थिंबल, चढवायचं आणि लांब दांड्याच्या जड पकडीने असं दाबायचं की आतल्या बारीक तारा आणि थिंबल एकजीव होतात. ना आग, ना धूर, ना राळेचा वास. मास्तरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हणाले होते, “झालं? हे तर नुसतं चिमटा काढणं झालं.” लेक म्हणाली होती, “असा चिमटा की सुटता सुटत नाही.” त्यावरून दोघांत रोज खटके उडायचे, आणि रोज जेवताना ते मिटायचे.

आज मिटायची चिन्हं नव्हती. आज परत आलेली गाडी गाणं शिकवणाऱ्या बाईंची होती. बाई कधी चढ्या आवाजात बोलायच्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं होतं, “बाळा, हे तू केलं होतंस की बाबांनी?” आणि लेक म्हणाली होती, “मी.”

“माझीच पक्कड जास्त दाबली जात असणार,” ती आता म्हणाली. आवाजातला राग एकदम ओसरला, आणि मास्तरांना राग परवडला असता असं वाटलं. “तारा आतल्या आत कापल्या जात असतील. मला दिसत नाही, हाताला कळत नाही. ज्याच्या हाताला कळत नाही त्याने हे काम करू नये.”

“असं कोण म्हणालं?” आईने विचारलं.

“बाबाच म्हणतात, येईल-जाईल त्याला.” तिने खुर्ची मागे सरकवली. “शोरूमवाल्यांना मी सोमवारी नोकरीला हो म्हणून सांगते. तिथे टेबलामागे बसून गाड्यांचे रंग दाखवायचे. रंग परत येत नाहीत.”

मास्तरांनी वायरकडे पाहिलं. टोकाला काळी प्लास्टिकची बाही घट्ट बसलेली होती, एक सुरकुती नाही. स्वतःची बाही त्यांनी कुठेही ओळखली असती. पोर इतकी नीट बसवत नाही, घाईत जरा तिरकी जाते.

उंदराची गोष्ट सोडून आता गप्प राहता आलं असतं. पोर शोरूमला जाईल, नीटनेटके कपडे घालेल, आई सुखावेल. कुणाला काही कळणार नाही. गल्लीत एवढंच म्हणतील की मास्तरांचा हात पोरीत उतरला नाही.

“सुरी दे,” ते बायकोला म्हणाले.

“कसली?”

“कसलीही.”

भाजीच्या सुरीने त्यांनी ती बाही उभी चिरली आणि सोलून वायर लेकीपुढे सरकवली. जिथे थिंबलच्या तोंडाशी लालसर तांबं दिसायला हवं होतं, तिथे सगळं चंदेरी होतं. सोल्डर थिंबलमधून वाहून तारांच्या आत, वरच्या आवरणाखालीसुद्धा चढलं होतं. आरशासारखं चमकत होतं.

लेकीने ते टोक दिव्याकडे धरून फिरवून पाहिलं.

“हे मी नाही केलं,” ती म्हणाली.

“नाही.”

“तरीच!” आई म्हणाली. “पहाटे दुकानातून राळेचा वास यायचा. मला वाटलं, माझी किटली गळायला लागली म्हणून डाक देत बसलेत.”

“तुझं काम कच्चं आहे म्हणून नाही,” मास्तर लेकीला म्हणाले, पण पाहत होते टेबलाच्या कडेकडे. “ते कच्चं राहू नये म्हणून. तू यायच्या आधी जाऊन मी तुझी बाही काढायचो, वरून डाक द्यायचो आणि नवी बाही चढवायचो. म्हटलं, दुहेरी मजबुती.”

“सगळ्यांना?”

“जेवढ्या गाड्या रात्री दुकानात राहायच्या, तेवढ्यांना.”

लेकीने बोटांवर काहीतरी मोजलं. “मागे तुम्ही तापाने आठवडाभर झोपून होतात. त्या आठवड्यातली एकही गाडी परत आली नाही.”

मास्तरांनी तो तुकडा उचलला. सोल्डर जिथे संपत होतं तिथे, मागे उरलेल्या दोन-चार तारा त्यांनी वाकवल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्या तुटून बशीत पडल्या. मग वायरचं दुसरं, डाक न लागलेलं मऊ टोक घेतलं आणि तसंच वाकवत राहिले. बायकोने सगळ्यांच्या ताटांवर झाकणं घातली तरी ते वाकवतच होते. एक तार तुटली नाही.

“रेडिओ फळीवर गप्प बसतो,” ते हळू म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. “गाडी गप्प बसत नाही. धक्क्याधक्क्याला वायर हलायला बघते, आणि मी तिचं टोक काठीसारखं ताठ करून ठेवलं. मग ती कडेलाच मोडणार.” त्यांनी मान हलवली. “चाळीस वर्षांत माझ्या किती मोडल्या असतील! आणि मी खापर उंदरांवर फोडलं.”

“बिचारे उंदीर,” बायको म्हणाली आणि ताटांवरची झाकणं काढली. “जेवा आता.”

मास्तर जेवले नाहीत. उठून त्यांनी खुंटीवरची दुकानाची किल्ली काढली. तिच्या कडीलाही कधीकाळी दिलेला डाक होता. ती त्यांनी लेकीच्या ताटाशेजारी ठेवली आणि पुन्हा येऊन बसले. “बाईंना मी सांगेन,” ते म्हणाले. “जोड तुझा होता, मोडला मी.”

लेकीने किल्ली उलटसुलट करून पाहिली. कडीवरच्या त्या थेंबावरून अंगठा फिरवला. मग ती खिशात टाकली, खुर्ची पुढे ओढली आणि घास उचलला.

“शोरूमला मी नाही म्हणून कळवते,” ती म्हणाली. “सोमवारपासून दुकान नऊला उघडेल, आणि मी उघडीन. त्याआधी कुणीही आत जायचं नाही. बाबांनीसुद्धा.”