म्हात्रे बेलिफ आणि मोडलेले हुकूम

वकिलाकडे किस्से साठतात ते अशिलांमुळे, असं लोकांना वाटतं. माझे सगळे साठले ते एका बेलिफामुळे!

सत्तरच्या दशकात मी भिवंडीच्या कोर्टात नवा नवा वकील होतो. जप्तीचे, झडतीचे, मनाईचे हुकूम लोकांच्या दारात नेऊन बजावायचं काम गोविंद म्हात्रे यांचं. हुकूम मोडणारे पुष्कळ. पण मोडला हे सिद्ध करणं महाकठीण! त्यात माणूस तुरुंगात जायचा, म्हणून आमचे जज्जसाहेब पुराव्यात केसभर सूट देत नसत.

*

टेमघरच्या एका शेठचे लूम, म्हणजे यंत्रमाग, जप्त झाले. जागचे हलवायचे नाहीत, असा हुकूम. शेठनं सहा हलवले!

जप्ती मागणाऱ्याचा वकील मी. कोर्टात शेठच्या वकिलानं म्हात्र्यांना विचारलं, "हुकूम वाचून दाखवला म्हणता. लूमच्या खडखडाटात माझ्या अशिलाला ऐकू कसं आलं?"

म्हात्रे म्हणाले,

"आधी लूम बंद करायला लावले, साहेब. शेठनी स्वतः खटका पाडला. मग वाचलं."

"बघितलं कुणी?"

"अख्ख्या गल्लीनं!"

"एवढी माणसं जमली कशी?"

"साहेब, भिवंडीत आवाज चालू असला तर कुणी मान वर करत नाही. थांबला की सगळे धावत येतात, काय झालं म्हणून!"

*

ते सहा लूम काल्हेरच्या गोदामात सापडले. शेठ म्हणाला, हे माझे नव्हेतच. नंबर घासून टाकलेले.

म्हात्र्यांनी शेठकडच्याच एका कारागिराला, यासीनचाचांना, गोदामात नेलं. चाचांनी एका लूमवर हात ठेवला. "ये मेरा. बारा साल चलाया."

मी म्हटलं, "चाचा, नोकरी जाईल."

"जाएगी तो जाएगी. झूठ बोलूँ क्या?"

त्या लूमची पुढची लाकडी पट्टी कोर्टात आणली. चाचा जिथं टेकून उभे राहायचे तिथं ती झिजलेली, पण डावीकडे जास्त. शेठचा वकील हसला. "पट्ट्या सगळ्याच झिजतात!"

जज्जसाहेब पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाचा, जरा दारापर्यंत चालत जा आणि परत या."

चाचांचा डावा पाय आखूड. पावलापावलाला डावीकडे झुकत ते गेले, आणि तसेच परत आले.

वकील खाली बसला!

*

एकदा कोर्टानं मलाच झडतीसाठी कमिशनर नेमलं. एक व्यापारी आपल्या कापडावर दुसऱ्याची मोराची छाप मारायचा. त्याच्या घरातले लाकडी ठसे जप्त करायचे होते. दार अर्ध्या तासानं उघडलं. आत काहीच नाही!

म्हात्र्यांनी मागच्या दारी व्यापाऱ्याच्या आईकडे पाणी मागितलं. ती म्हणाली, "नुस्ता पानी काय पितस? बस, भाकर खा."

तांदळाची गरम भाकरी. म्हात्र्यांनी तुकडा मोडायला हात घातला आणि थांबले. भाकरीवर काळा, ठसठशीत अर्धा मोर! ठसे चुलीत कोंबले होते, आणि म्हातारीनं नेमकी त्यांनाच टेकवून भाकरी शेकली होती.

पंचनाम्यात नोंद झाली : "भाकरी, तांदळाची, नग एक, मोरासह."

कोर्टात व्यापारी ओरडला, "भाकरी खोटी आहे!"

मागून म्हातारी उठली. "माजी भाकर खोटी? लाकडा तूच चुलीत घातलीस न् रं!"

*

पण एका गोदामाचं सील तुटलेलं सापडलं, तेव्हा आम्ही सगळे खूष होतो. मालकानं म्हात्र्यांना चारचौघांत शिव्या देऊन हाकललं होतं. आता तो सापडला!

म्हात्रे साक्षीला उभे राहिले. "साहेब, सीलची लाख मीच पातळ ओतली होती. उन्हानं पत्रा तापला आणि ती तडकली. दार कुणी उघडलेलं नाही. कडीवरचं कोळ्याचं जाळं शाबूत होतं."

मालक सुटला. म्हात्र्यांना हलगर्जीबद्दल मेमो मिळाला.

मी चिडून विचारलं, "कशाला बोललात?"

"वकीलसाहेब, त्यानं शिव्या दिल्या. त्याची वेगळी फिर्याद लावा की!"

*

कोन गावच्या एका माणसाचा ट्रक जप्त झाला होता. ट्रक विकू नये, असा हुकूम. तो बजावायचं काम म्हात्र्यांकडे आलं. "हा मला नको," असं त्यांनी वरिष्ठांना सांगून पाहिलं; पण दुसरे बेलिफ रजेवर होते.

पुढं त्या माणसानं ट्रक विकला. म्हात्रे साक्षीला आले. माझ्या सीनियरनी विचारलं, "हुकूम कुणाला बजावलात?"

"समोर उभा आहे त्याला. लक्ष्मण म्हात्रे. माझा धाकटा भाऊ."

कोर्टात कुजबुज झाली.

"त्याच्या हातात दिलात?"

"दिला. त्यानं स्वतः वाचला."

"त्याला वाचता येतं, हे तुम्हाला कशावरून ठाऊक?"

म्हात्र्यांनी कठड्यावरची बोटं आवळली. "वाचायला मीच शिकवलं त्याला."

लक्ष्मणनं वकील दिला नव्हता. जज्जसाहेब त्याला म्हणाले, "साक्षीदाराला काही विचारायचंय? तुमचा हक्क आहे."

लक्ष्मण म्हणाला, "दादा, सकालधरनं उभा हायस. जेवलास का?"

"न्हाय."

कारकुनानं लेखणी थांबवून वर पाहिलं. जज्जसाहेब म्हणाले, "लिहा. सवाल आहे, जबाब आहे. दोन्ही लिहा."