शिंप्याचं वजन

तिच्या वडिलांची नोकरी बदलीची. दर दोन वर्षांनी सामान बांधायचं, मैत्रिणींना पत्ता द्यायचा, आणि पत्र कुणाचंच यायचं नाही. डॉक्टर झाल्यावरही तेच. वॉर्डातल्या माणसाशी जरा कुठे सूर जुळावा, तर चौथ्या दिवशी तो घरी.

शिकता शिकता तीन महिन्यांसाठी ती डायलिसिसच्या खोलीत आली आणि तिथेच तिचा जीव रमला. इथली माणसं जातच नव्हती. आठवड्यातून तीनदा, त्याच खुर्चीत, वर्षानुवर्षं. खिडकीपाशी एक म्हातारा शिंपी बसे. तो तिला ‘छोट्या बाई’ म्हणे.

“इकडे येऊ नकोस,” किडनी विभागाच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या. “इथे कुणी बरं होऊन जात नाही. मागच्या वर्षी शिकायला कुणी आलंच नाही.”

“जात नाहीत म्हणूनच यायचंय, मॅडम.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

पुढच्या शिक्षणाचा विषय सोमवारी संध्याकाळपर्यंत फॉर्मवर लिहायचा होता. घरी आईचा धोशा एकच. “हार्टचा डॉक्टर म्हटलं की लोक उठून उभे राहतात.”

“आणि किडनीचा?”

“बसल्या बसल्या विचारतात, मुतखड्यावर काही आहे का.”

तिला हसू आलं. पण किडनीच लिहायचं, हे तिचं पक्कं होतं.

सोमवारी सकाळी शिंपी काट्यावर उभा राहिला. मागच्या खेपेपेक्षा वजन जितकं वाढलं, तितकं पाणी मशीनने अंगातून काढायचं. काट्यावर चढण्याआधी खिसे रिकामे करून घ्यायचे, हा तिथला पहिला धडा. पण तो नातीच्या नाटकाची फजिती सांगत होता. ऐकता ऐकता तिने आकडा लिहून टाकला.

तिसऱ्या तासाला त्याने जांभई दिली. मग चेहरा पांढराफटक. पोटरीत गोळा आला, डोळे फिरले. तिने त्याचे पाय उंच केले, सलाइन सोडलं. नर्सताईंनी त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि लोखंडी कात्री बाहेर काढली. अर्धा किलोची तरी असेल. तेवढं पाणी जास्तीचं निघालं होतं.

दहा मिनिटांनी तो भानावर आला. “माझंच चुकलं, छोट्या बाई. दुकानातून तसाच आलो. तुम्ही कशाला रडता?”

ती बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन आली. परक्याचे खिसे तिने नक्की तपासले असते. लळा लागला, आणि लळ्यानेच घात केला.

संध्याकाळी तिने फॉर्मवर हृदय लिहिलं.

वर्षभराने हार्टच्या वॉर्डातून एक गृहस्थ घरी निघाले. “डॉक्टर, उपकार फार झाले. पण आता पुन्हा तुमचं तोंड दिसू नये बरं का!” सगळे हसले. तीही हसली.

“सहा महिन्यांनी तपासायला या.”

“आमच्या घराजवळच आहेत की डॉक्टर. त्यांनाच दाखवू.”

“इथे आलात तरी चालेल,” ती म्हणाली.

तिने त्यांची पिशवी उचलली आणि लिफ्टपर्यंत सोबत गेली.